गुडघा बदलला, पण मांडी रुसली

गुडघ्याचे मोठे ऑपरेशन झालेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला जे व्यायाम सांगतो, त्यांपैकी एक ऐकायला अगदीच किरकोळ वाटतो : पलंगावर उताणे पडा, गुडघा सरळ ठेवा आणि पाय वीतभर वर उचला. माणूस जोर लावतो, दातओठ खातो, कळ सोसायचीही त्याची तयारी असते, पण टाच गादीवरून हलत नाही. भुलीचा अंमल उतरून गेलेला असतो, पायाची बोटे हलत असतात, एक्स-रे व्यवस्थित असतो, आणि तरीही पाय ऐकत नाही. ऑपरेशन फसले की काय, ही शंका अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. बहुतेक वेळा ते फसलेले नसते. सांध्याचे काम शल्यचिकित्सकाने तास-दीड तासात पुरे केलेले असते. अडचण सांध्याच्या वर, मांडीत असते, आणि खरे तर मांडीतही नसून मांडीला हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेत असते.

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा चार भागांचा दणकट स्नायू असतो. गुडघ्याच्या वाटीला धरून तो पाय सरळ करतो. गुडघ्याच्या आवरणात दाब आणि ताण ओळखणारी चेताटोके असतात. सांध्यात सूज आली, द्रव साठला की ती मज्जारज्जूकडे सतत संदेश पाठवू लागतात आणि मज्जारज्जू या स्नायूकडे जाणारे हुकूम आपण होऊन कमी करतो. हे केवळ दुखण्यामुळे होत नाही. निरोगी माणसाच्या, अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यात संशोधकांनी थोडेसे निर्जंतुक खारे पाणी सोडून पाहिले आहे. अवघ्या 20 ते 30 मिलीलीटर पाण्याने, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे द्रवाने, क्वाड्रिसेप्सच्या आतल्या बाजूच्या भागाचे काम मंदावू लागते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातली सूज याहून पुष्कळ जास्त असते. जखमी सांध्यावर भार येऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय असावी. पण नवा सांधा बसवल्यानंतर तीच सोय अडसर होऊन बसते. संपूर्ण सांधेबदलानंतर महिनाभराने क्वाड्रिसेप्सची ताकद मोजली असता ती ऑपरेशनपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी भरते. या घटीचा मोठा वाटा स्नायू बारीक झाल्याचा नसून त्याच्याकडे हुकूमच न पोहोचल्याचा असतो. त्यातून ही ऑपरेशनपूर्वीची ताकदही काही धडधाकट नसते, कारण वर्षानुवर्षे दुखणारा गुडघा जपून वापरल्यामुळे मांडी आधीच रोडावलेली असते.

हे एकदा ध्यानात आले की घरी सोडताना दिलेल्या सूचनांचा अर्थ वेगळा लागतो. बर्फाने शेकणे आणि पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवून पडणे हे निव्वळ आराम वाटावा म्हणून नसते. सूज जितकी उतरेल तितका स्नायू जागा होतो, म्हणून ते व्यायामाइतकेच महत्त्वाचे असते. उत्साही रुग्णांची गाडी नेमकी इथे घसरते. एखाद्या दिवशी बरे वाटते, माणूस दुप्पट चालतो, घरातली राहिलेली कामे उरकतो, संध्याकाळी गुडघा फुगतो आणि दुसऱ्या दिवशी कालपर्यंत उचलला जाणारा पाय पुन्हा उचलत नाही. दुसरे टोक आळसाचे, पण माझ्या मते आळशी रुग्णापेक्षा अतिउत्साही रुग्णच अधिक गोंधळात पडतो, कारण मेहनत करूनही आपण मागे का जातो आहोत हे त्याला उमजत नाही. आज केलेले काम झेपले की नाही, याचा कौल दुसऱ्या दिवशी सकाळचा गुडघा देतो. तो कालच्या सकाळइतकाच असेल तर मात्रा बरोबर होती. अधिक फुगलेला, अधिक ताठ असेल तर दोन दिवस हात आखडता घ्यावा.

रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचा सगळा जीव गुडघा किती अंश वाकतो यात गुंतलेला असतो. तो पूर्ण सरळ होतो की नाही, याची विचारपूस फारसे कोणी करत नाही. वास्तविक आधी सरळ होणे महत्त्वाचे. गुडघा पूर्ण सरळ असला की उभे राहताना हाडेच एकमेकांवर भार पेलतात आणि क्वाड्रिसेप्सला जवळजवळ विश्रांती मिळते. तोच गुडघा दहा-पंधरा अंश वाकलेला राहिला तर नुसते उभे राहायलाही त्या स्नायूला अखंड काम पडते, तो लवकर थकतो, पाय आखूड असल्यासारखी चाल लंगडी होते आणि कंबर कुरकुरू लागते. म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नये. तसे केल्याने बरे वाटते हे खरेच, पण सैल, किंचित वाकलेल्या अवस्थेतच सांध्याचे आवरण आक्रसत जाते आणि पुढे तो बाक काढणे फार अवघड होते. टॉवेलची गुंडाळी घ्यायचीच तर ती टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली दबून सरळ होत जातो.

वाकण्याचा हिशेब त्यानंतरचा, आणि तो कामागणिक बदलतो. सपाट जमिनीवर चालताना पाय पुढे टाकतेवेळी गुडघा साधारण 60 ते 65 अंश वाकतो. जिना चढायला 80 ते 90 अंश लागतात, उतरायला त्याहून थोडे अधिक. नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायचे असेल तर 90 च्या पुढे जावे लागते आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायची असेल तर 105 च्या आसपास. यावरून हे ध्यानात येईल की 110 अंशांपर्यंत वाकणारा गुडघा बहुतेक रोजच्या कामांना पुरतो, आणि 120 की 130 यावरून जिवाला घोर लावून घेण्याचे कारण नसते. याउलट दीडदोन महिन्यांनंतरही गुडघा 90 अंशांपर्यंत येत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. आतले चिकटलेले पापुद्रे भूल देऊन, सांधा हाताने वाकवून मोकळे करण्याचा उपाय योग्य वेळीच चांगला लागू पडतो.

अंश झाले, आता भार. बर्लिनमधील संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी आणि बिनतारी संदेश देणारी उपकरणे घातली, त्यामुळे जिवंत माणसाच्या गुडघ्यावर प्रत्यक्ष किती ओझे येते हे कळू शकले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांनुसार सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट भार येतो, जिना चढताना 3.2 पट आणि उतरताना जवळजवळ 3.5 पट. 70 किलोच्या माणसाच्या दृष्टीने उतरतानाचे प्रत्येक पाऊल म्हणजे गुडघ्यावर क्षणभर 240 किलोच्या घरातले ओझे झाले. वजन एकपट असताना भार तिप्पट कसा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उरलेला भार स्नायू निर्माण करतात. शरीराचा तोल सावरण्यासाठी ते सांध्याला आवळून धरतात, आणि तो आवळ वजनात मिळवावा लागतो.

या मोजमापांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे खुर्चीतून उठतानाचा भार चालण्याहून किंचित कमी, सुमारे 2.5 पट भरला. तरीही कोणत्याही रुग्णाला विचारा, चालणे लवकर जमते आणि उठणे जड जाते. त्याचे कारण असे, की सांध्याला किती ओझे पेलावे लागते आणि स्नायूला किती राबावे लागते या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाकलेल्या गुडघ्यावर सगळे शरीर वर ढकलायचे असते आणि ढकलणारा गडीच तर अर्धा झोपेत असतो. मग माणूस नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकून उठायला शिकतो. सुरुवातीचे काही दिवस ते क्षम्य आहे, पण ही सवय दुखणे थांबल्यावरही महिनोन् महिने टिकते आणि चांगला पाय दुप्पट राबतो, तर ऑपरेशनचा पाय दुबळाच राहतो. यावर उपाय म्हणजे आधी उंच आसनावरून, खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन, पण दोन्ही पावले सारख्याच रेषेत ठेवून उठायचे, आणि आठवड्या-आठवड्याने आसन थोडे थोडे खाली आणायचे. ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून उठलात तर त्याला कामातून सुटी मिळाली असे समजावे.

जिन्याच्या बाबतीत एक ठरलेला नियम आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. पण शरीराला अलगद खाली सोडण्याचे काम मागे वरच्या पायरीवर राहिलेला पाय करत असतो, आणि चढताना शरीर वर खेचण्याचे काम पुढे गेलेला पाय करतो. दोन्ही वेळा कष्टाचे काम चांगल्या पायाकडे जावे, एवढाच त्यामागचा हिशेब. काठीही चांगल्या पायाच्या बाजूच्या हातातच धरायची असते. ऑपरेशनच्या पायाबरोबर ती पुढे पडते आणि भाराचा काही वाटा उचलते. चुकीच्या हातात धरलेली काठी आधार कमी आणि लंगडी चाल जास्त देते.

मोटार चालवण्याविषयी घाई बरी नव्हे. उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले असेल तर प्रश्न पाय ब्रेकपर्यंत पोहोचतो की नाही हा नसून एखादे मूल अचानक आडवे आल्यावर ब्रेक किती लवकर आणि किती जोराने दाबला जातो हा आहे. ही प्रतिक्रिया पूर्ववत होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात असे मोजणीत आढळते. अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तोवरही थांबायला हवे, मग ऑपरेशन डाव्या पायाचे का असेना. बैठे काम करणारे बहुतेक जण महिना-दीड महिन्यात कामावर जाऊ शकतात. उभ्याने किंवा ओझे उचलून करायच्या कामांना तीन महिने किंवा अधिक लागतात.

काही गोष्टी घाबरवतात, पण बहुधा निरुपद्रवी असतात. वणाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर राहते, कारण चिरेच्या वाटेत येणारी त्वचेच्या चेतातंतूची एक बारीक शाखा कापली जाते. हा बधिर भाग कालांतराने आकसतो, क्वचित थोडा कायमचा उरतो. नव्या गुडघ्यातून टकटक असा आवाज येतो तो धातू आणि प्लॅस्टिक यांच्या गाठीभेटीचा. गुडघा काही महिने शेजारच्या गुडघ्यापेक्षा कोमट लागतो. रात्रीची झोप पहिले काही आठवडे तुटक असते, आणि थकवा पाहून माणूस खचतो, पण ऊती भरून येण्याचे कामही शरीराची ताकद खातेच.

पोटरी एकाएकी दुखून सुजणे, दम लागणे, छातीत दुखणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप आणि वाढत जाणारी लाली ही मात्र दुसऱ्या जातीची लक्षणे आहेत. पहिली तीन शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची किंवा ती फुप्फुसात गेल्याची असू शकतात, उरलेली जंतुसंसर्गाची. इथे सकाळची वाट पाहू नये.

गुडघे टेकून बसणे हा एक चमत्कारिक विषय आहे. सांधेबदल झालेले बरेच लोक ते कायमचे सोडून देतात, आणि विचारले तर सांगतात, की नवा सांधा मोडेल अशी भीती वाटते. जखम पूर्ण भरल्यावर मऊ गादीवर गुडघे टेकल्याने सहसा सांध्याला इजा होत नाही. अडवतो तो बधिर त्वचेचा विचित्र स्पर्श. फिजिओथेरपिस्टने समजावून, करून दाखवून सराव घेतल्यास हे पुष्कळांना जमते असे आढळले आहे. तरी आपल्या शल्यचिकित्सकाला विचारूनच सुरुवात करावी.

वर सांगितलेले बहुतांशी सांधेबदलाला लागू पडते. दुर्बिणीतून मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधल्या कूर्चेच्या गादीचा, फाटका तुकडा नुसता कापून काढला असेल तर माणूस काही दिवसांतच चालता-फिरता होतो. पण तोच मेनिस्कस टाके घालून जोडला असेल तर काही आठवडे भारावर आणि वाकण्यावर बंधने येतात, कारण या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो आणि तिचे भरून येणे सावकाश चालते. लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या तुटलेल्या पट्ट्याच्या जागी कलम बसवण्याच्या, ऑपरेशनात तर एक फसवा काळ असतो. बसवलेल्या कलमातल्या मूळ पेशी मरतात, नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि या उलथापालथीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कलम आपल्या सर्वांत कमकुवत अवस्थेत असते. दुखणे तोवर थांबलेले असते, चाल सुधारलेली असते. गुडघा बरा झाल्यासारखा वाटणे आणि तो बरा असणे यांतले अंतर इथे सर्वाधिक असते, आणि म्हणूनच वळणे, उड्या आणि खेळ यांसाठी निदान नऊ महिने थांबायला सांगतात.

एके काळी ऑपरेशननंतर रुग्णाला बरेच दिवस पलंगावर ठेवत आणि गुडघा आपोआप वाकवणाऱ्या यंत्रात पाय अडकवून देत. नंतरच्या काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत त्या यंत्राचा नजरेत भरण्याजोगा फायदा दिसला नाही. आता हे सहज समजते : पाय यंत्राने हलवला तर सांधा हलतो, पण झोपलेला स्नायू झोपलेलाच राहतो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात आधी आतड्यांच्या शस्त्रक्रियांसाठी मांडलेली रुग्णाला लवकर उठवून चालवण्याची पद्धत पुढे सांध्यांच्या ऑपरेशनांतही रुळली, आणि आज पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी पहिली पावले टाकायला लावतात.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, मग तो मंदावतो, आणि वर्षभर हळूहळू चालू राहतो. चालणे जमू लागले की बहुतेक जण व्यायाम सोडतात, पण वर्षानंतर मोजले तरी ऑपरेशनच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स समवयस्क निरोगी माणसाच्या मानाने बऱ्याचदा दुबळा निघतो. सपाट जमीन ही उणीव लपवते. ती उघडी पडते जिन्यावर : कठडा हाताशी ठेवून, पण न धरता, प्रत्येक पायरीवर एकेकच पाऊल टाकत खाली येताना शरीर अलगद उतरते की शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात धपकन पडते, हे सहाव्या महिन्यात एकदा पाहावे, आणि धपकन पडत असेल तर सोडलेला व्यायाम तिथूनच पुन्हा धरावा.