वाट चुकलेले डॉल्फिन : हलवायचं की राहू द्यायचं?

अनोळखी खाडीत एकटा डॉल्फिन आला की काय करायचं, हा वाद जुना आहे. रोमन काळात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या किनाऱ्यावर मुलांशी खेळणारा डॉल्फिन पाहायला सरकारी अधिकारी येऊ लागले. त्यांच्या सरबराईचा खर्च झेपेना, तेव्हा गावाने त्याला गुपचूप मारून टाकलं. न्यूझीलंडमधल्या ओपोनोनीच्या डॉल्फिनला १९५६ साली कायद्याचं संरक्षण मिळालं आणि लगेच दुसऱ्या दिवशी तो मेलेला सापडला.

आजचे निर्णय समजून घ्यायचे तर कॅनडातलं प्रकरण नीट पाहायला हवं. २००१ साली व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेला, नूटका साउंड या खाडीत जेमतेम दोन वर्षांचा ओर्का एकटाच आढळला. ओर्का हा डॉल्फिन कुळातलाच. त्याच्या जातकुळीत नरही जन्मभर आईच्या कळपात राहतात. इथे कळपच नव्हता, म्हणून तो बोटींना जाऊन बिलगायचा. २००४ मध्ये सरकारने त्याला पकडून कळपाजवळ न्यायचं ठरवलं. तिथल्या आदिवासींच्या लेखी मात्र तो २००१ मध्येच वारलेल्या त्यांच्या प्रमुखाचा आत्मा होता. ते होड्या घेऊन उतरले, गाणी म्हणत वल्हवू लागले, आणि जाळीच्या कुंपणाकडे निघालेला ओर्का वळून त्यांच्यामागे गेला. बेत बारगळला. मार्च २००६ मध्ये तो सवयीने एका टगबोटीजवळ (जहाजं ओढणाऱ्या बोटीजवळ) गेला आणि तिच्या पंख्यात सापडून मेला.

दोष आदिवासींवर ढकलणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्यांना आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. शिवाय मधल्या पावणेदोन वर्षांत त्याला हलवण्याचा दुसरा प्रयत्न झालाच नाही, हे जास्त खटकतं.

दरम्यान प्रश्नच बदलत चालला आहे. १९८२-८३ च्या एल निनोत दक्षिण कॅलिफोर्नियाचे बॉटलनोज डॉल्फिन उत्तरेला माँटेरे उपसागरापर्यंत गेले आणि पाणी पुन्हा थंड झाल्यावरही तिथेच राहिले. जुलै २०१७ मध्ये व्हँकूवर बेटाच्या उत्तर भागाच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे २०० बॉटलनोज दिसले. कॅनडाच्या प्रशांत महासागरी पाण्यात ते त्याआधी कधी नोंदले गेले नव्हते. त्याआधीची काही वर्षं तिथलं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं. अशांना 'भरकटलेले' म्हणून हाकलण्यात अर्थ नाही.

एकट्यादुकट्यांचं वेगळं. मार्च २०२१ मध्ये व्हेनिसच्या मुख्य कालव्यात दोन पट्टेरी डॉल्फिन शिरले, तेव्हा बोटींनी त्यांना खुल्या समुद्राकडे वळवलं गेलं. ते योग्यच झालं. ही जात खोल पाण्यातली; उथळ, बोटींनी गजबजलेल्या कालव्यात तिचा निभाव लागणं कठीण होतं.