जर्सीवर स्पॉन्सरचा लोगो: ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

सीझन तोंडावर आला की आम्हाला रोज तोच फोन, "अजून एक स्पॉन्सर मिळालाय, तेवढा लोगो टाकून द्या ना." नाही म्हटलं की आम्ही आडमुठे ठरतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

जर्सी आधी शिवतात आणि मग तिच्यावर लोगो छापतात असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्ही करतो त्या सब्लिमेशन छपाईत उलटं असतं. पुढचा भाग, पाठ, बाह्या असं सगळं सुटं असतानाच कागदावरची शाई १९०-२०० डिग्रीला कापडात उतरवतो, तिची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरते, वर थर बसतच नाही, म्हणून लोगो हाताला लागत नाही आणि धुतला तरी सोलून निघत नाही. शिवण त्यानंतर. आणि या शाईत पांढरा रंग नसतोच, पांढरं दिसतं ते मुळातलं कापड. त्यामुळे छाती एकदा लाल छापली की तिथे याच पद्धतीने नंतर पांढरा लोगो येणार नाही म्हणजे नाही.

मग वरून व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची पातळ शीट, चिकटवा की! चिकटवतो ना, पण साधं पांढरं व्हिनाइल लाल जर्सीवर दाबलं की उष्णतेने खालचा रंग उठतो आणि वर चढतो. एका टीमच्या हट्टापायी घाईत असं करून दिलं होतं, रात्री पांढराशुभ्र गेलेला लोगो फोटोसेशनला गुलाबी, आणि स्पॉन्सर विचारतोय आमचा ब्रँड गुलाबी कधीपासून झाला. आता रंग अडवणारं मटेरियलच वापरतो, ते महाग पडतं, आणि छातीभर तुकडा लावला की तिथे हवा खेळत नाही, खेळाडू वैतागतात ते वेगळंच.

तेव्हा पॅनल, म्हणजे जर्सीचे हे सुटे भाग, छापायला जायच्या आधी सगळी नावं द्या. बोलणी अजून चालू असतील तर तसं सांगा, बाहीवर किंवा खांद्याजवळ जागा सोडून ठेवतो, नंतर छोटा पॅच बसतो. छोटा म्हणून स्पॉन्सरने नाक मुरडायचं कारण नाही, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, २०१७-१८ मध्ये जाहिरात आणली ती डाव्या खांद्याजवळ, जेमतेम अडीच इंच चौकोनात.

स्पर्धेचे नियमही तुम्हीच आधी विचारून घ्या. आयसीसीच्या वर्ल्डकपमध्ये छातीवर देशाचं नाव असतं, स्पॉन्सर बाहीवर जातो. फुटबॉलच्या वर्ल्डकपला तर खेळताना स्पॉन्सरचं नाव नसतंच, कपडे बनवणाऱ्या कंपनीची खूण तेवढी चालते.

रंगाचं म्हणाल तर स्पॉन्सर "आमचा लाल तो लालच पाहिजे" म्हणून अडून बसतो. बेसबॉलच्या न्यूयॉर्क मेट्सने २०२३ मध्ये बाहीवर एका हॉस्पिटलचा लाल-पांढरा पॅच लावला, तो नेमका प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाच्या रंगाचा दिसायला लागला, लोकांनी इतकी नावं ठेवली की शेवटी निळा-नारिंगी करावा लागला. ही गोष्ट स्पॉन्सरला सांगून बघा, आमचा अनुभव आहे की माणूस ऐकतो.

आणि हो, पुढचं एक पॅनल आम्ही खऱ्या कापडावर छापून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ते स्पॉन्सरच्या हातात द्या, उन्हात धरून बघू द्या, आणि ओके मेसेजवर लिहून पाठवा. फोनवरच्या ओकेवर मशीन सुरू करत नाही.