लिफ्ट किटनंतर गाडी ओढते की भरकटते?

सस्पेंशन लिफ्ट, म्हणजे गाडीचा सांगाडा चाकांवरून आणखी उंच उचलणारे किट, बसवल्यानंतर ‘गाडी सरळ चालत नाही’ ही तक्रार घेऊन एखादी जिम्नी, थार किंवा जुनी जिप्सी इंदूरमधल्या अलाइनमेंटच्या दुकानात येते, तेव्हा तिच्यावर बहुधा एकच उपचार होतो. चाकांना कॅमेऱ्यासाठीच्या पाट्या लावायच्या, टाय रॉड (चाके वळवणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाकांची पुढची टोके किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, जुळवायचा आणि पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले की कागद हातात द्यायचा. काही गाड्या एवढ्याने खरोखरच बऱ्या होतात आणि काहींना रतीभरही फरक पडत नाही. याचे कारण असे, की त्या एकाच तक्रारीत दोन निरनिराळे दोष मावतात. एकात गाडी ओढते, म्हणजे स्टेअरिंग सैल धरले की दर वेळी एकाच बाजूला जाते. दुसऱ्यात ती भरकटते, म्हणजे कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकते आणि चालकाला स्टेअरिंग सतत थोडेथोडे सावरत राहावे लागते. पहिला दोष डाव्या आणि उजव्या बाजूंतल्या फरकातून येतो. दुसऱ्यात दोन्ही बाजू अगदी सारख्या असू शकतात आणि तरीही गाडी चालवणे नकोसे होते.

ओढण्याचे गणित तुलनेने सोपे आहे. समोरून पाहिल्यास चाकाचा वरचा भाग बाहेर कलला असेल तर तो धन कॅम्बर, आत कलला असेल तर ऋण कॅम्बर. दोन्ही बाजूंचा कॅम्बर वेगळा असला, की ज्या बाजूला तो अधिक धन असतो त्या बाजूला गाडी जाते. कॅस्टरच्या बाबतीत उलटे होते: ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढली जाते. दोन बाजूंमध्ये साधारण अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, असा कामचलाऊ दंडक मानला जातो. पुढच्या चाकांचा टो मात्र ओढण्याला सहसा जबाबदार नसतो, कारण गाडी धावू लागली की त्यातली चूक दोन्ही चाकांत सारखी वाटली जाते. टो बिघडल्याने टायर झिजतात आणि स्टेअरिंग वाकडे दिसते. गाडी सरळ चालली असताना स्टेअरिंगचा आरा तिरपा दिसणे ही ओढ नव्हे. ती तिसरीच गोष्ट आहे आणि तिन्हींपैकी सर्वांत निरुपद्रवी आहे.

भरकटणे समजून घ्यायचे तर कॅस्टरकडे नीट पाहावे लागते. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, त्यामुळे त्याच्या आसाची रेषा जमिनीला जिथे टेकते तो बिंदू टायरच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे पडतो आणि चाक आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीतही चाक ज्या आसाभोवती वळते तो आस असाच मागे कललेला असतो, आणि त्या कलाच्या अंशांना कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःहून मध्यावर येते ते मुख्यतः याच्या बळावर. कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखाच कमी झाला तर गाडी कुठल्याही एका बाजूला जाणार नाही, परंतु तिला सरळ राहण्याची ओढच उरणार नाही. मग रस्त्यातला प्रत्येक चर, बाजूने गेलेल्या ट्रकचा प्रत्येक झोत तिला दिशा देऊ लागतो. शहरात चाळीसच्या वेगाने हे फारसे जाणवत नाही, उलट स्टेअरिंग हलके झाल्याचे समाधान वाटते. बायपासवर ऐंशीला मात्र तेच हलकेपण त्रासदायक ठरते.

लिफ्टने यांपैकी काय बिघडेल हे गाडीचा पुढचा ॲक्सल कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून असते, आणि दोन्ही तक्रारींचा घोळ मुख्यतः इथेच होतो. जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत पुढे आणि मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस) आहेत, कॉइल स्प्रिंग आहेत, आणि पुढचा ॲक्सल दोन लीडिंग आर्म (ॲक्सलपासून मागे जाणारे दांडे) व ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड यांनी चासीला, म्हणजे सांगाड्याला, जोडलेला आहे. चासी वर गेली की आर्मची मागची टोके तिच्याबरोबर वर जातात. आर्म ॲक्सलला घट्ट धरलेले असल्यामुळे अख्खा ॲक्सल स्वतःभोवती पुढे फिरतो आणि कॅस्टर घटतो. समजा आर्मच्या मागच्या बुशपासून (सांध्यातल्या रबरी नळीपासून) ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर एक मीटर आहे आणि लिफ्ट ५० मिलिमीटरची आहे. तर ॲक्सल जवळजवळ तीन अंशांनी फिरेल, आणि अंतर याहून कमी असेल तर आणखी जास्त. मूळ कॅस्टरच तीन-चार अंशांचा असेल तर बाकी काय राहिले ते सांगायला नको. दोन्ही नकल (ज्यांवर चाके वळतात ते भाग) एकाच टाय रॉडने जोडलेल्या असल्याने टो मात्र लिफ्टमुळे जवळपास हलत नाही, आणि कॅम्बर तर ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. म्हणजे ज्या एका गोष्टीला दुकानात हात लावला जातो ती मुळात बिघडलेलीच नसते.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या थारमध्ये किंवा फॉर्च्युनरमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्र असून ती अप्पर आणि लोअर आर्मवर उभी आहेत. इथे लिफ्टने सगळेच हलते. आर्म खाली झुकतात, त्यांच्या लांबीतल्या फरकामुळे कॅम्बर बदलतो, कॅस्टरही सरकतो, आणि स्टेअरिंग रॅकपासून निघालेले टाय रॉड तिरपे झाल्याने टो तर चांगलाच बदलतो. रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर टो आत जाईल की बाहेर हे ठरते. टो बाहेर गेला तर अशी गाडीही भरकटते. फरक इतकाच, की तिचा इलाज त्या साध्या अलाइनमेंटमध्येच असतो. शेजाऱ्याची थार टो जुळवून एका तासात सरळ झाली म्हणून आपली जिम्नीही होईल, ही अपेक्षा म्हणूनच फसते. जुन्या जिप्सीची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण तिचा अखंड ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला असतो; लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लावून पुढची बाजू उचलली तर पाट्याचे एक टोक वर जाऊन ॲक्सलचा कल बदलतो आणि तो सुधारायला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात. पाचर उलटी बसली तर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते पुन्हा तिची दिशा तपासल्याशिवाय नट आवळत नाहीत.

अलाइनमेंटच्या कागदाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक वादांत तोच पुरावा म्हणून पुढे केला जातो. टो आणि कॅम्बर हे गाडी उभी असताना सरळ मोजता येतात. कॅस्टर तसा मोजता येत नाही. त्यासाठी पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टेअरिंग ठरावीक अंशांनी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवावे लागते, आणि त्या दोन स्थितींमधल्या कॅम्बरच्या फरकावरून यंत्र कॅस्टर काढते. घाईच्या दुकानात ही पायरी वगळली जाते आणि कागदावर कॅस्टरचा रकाना कोरा राहतो. कोरा रकाना लाल नसतो, त्यामुळे कागद निर्दोष दिसतो. भरकटणाऱ्या जिम्नीच्या मालकाने पैसे देण्यापूर्वी हा एक रकाना पाहावा, आणि कोरा असल्यास मोजणी पुन्हा करवून घ्यावी. माझ्या मते बाकीच्या सर्व आकड्यांपेक्षा तोच जास्त मोलाचा आहे. शिवाय यंत्रातले प्रमाण आकडे कंपनीच्या मूळ उंचीच्या गाडीचे असतात, याचेही भान ठेवावे लागते.

रस्त्यावरच्या चाचणीत एक फसगत ठरलेली आहे. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद, दुभाजकाच्या रस्त्यावर जाऊन मग परत येऊन तुलना करावी असे पुष्कळांना सुचते, पण अशा रस्त्यांच्या दोन्ही अंगांचा उतार सहसा बाहेरच्या बाजूला असल्याने जाताना आणि येताना गाडी डावीकडेच जाते, आणि त्या फेरीतून काहीच सिद्ध होत नाही. मोठे, सपाट, फरसबंद आवार मिळाले तर ओढीची चाचणी तिथे करावी. आपल्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा मार्ग आहे खरा, पण तो आपल्या जिम्नीसाठी उघडणार नाही. भरकटण्याच्या चाचणीला मात्र खराब रस्ताच उपयोगी पडतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे आतल्या डांबरी रस्त्यांना लाटा पडतात. साठच्या आसपास वेग ठेवून अशा लाटांवरून जाताना स्टेअरिंग हातात आपोआप हलू लागले, किंवा सिमरोलच्या घाटातल्या वळणांनंतर ते मध्यावर यायला आळस करू लागले, तर दोष ओढीचा नाही.

ओढ शोधताना सस्पेंशनकडे वळण्याआधी टायर पाहावेत. लिफ्टबरोबर बहुतेक जण मोठे टायरही चढवतात, आणि टायरच्या आतल्या बांधणीत किंचित शंकूसारखा तिरपेपणा राहिलेला असेल तर तो एकटाच गाडी ओढू शकतो. दिशेचे बंधन नसलेले टायर असतील तर पुढचे दोन आपसांत बदलावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायर दोषी, तिथेच राहिली तर नाही. हवेचा दाब आणि अडकलेला ब्रेक यांची तपासणीही पाच मिनिटांची आहे. त्यानंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजावी, जमिनीपासून नव्हे, कारण जमिनीपासून मोजल्यास टायरमधला फरक त्यात मिसळतो. डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल झाली असेल किंवा एका बाजूचा स्पेसर नीट बसला नसेल तर ते इथे उघड होते. आणखी एक चूक फार सर्रास घडते: गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच आर्मच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. अशा बुशमधले रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट धरले जाते, गाडी जमिनीवर आली की पिळले जाते, आणि उंचीत व कोनांत असे फरक आणते की जे कुठल्याही किटच्या कागदावर लिहिलेले नसतात. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी ठेवून, थोडी हेलकावून पुन्हा आवळले तर कधीकधी ओढ तिथल्या तिथे जाते.

भरकटण्याचा इलाज अखंड ॲक्सलच्या गाडीत कॅस्टर परत मिळवण्यात आहे. त्यासाठी आर्ममध्ये मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश घालतात, किंवा लिफ्टच्या हिशेबाने वाकवलेले नवे आर्म बसवतात. बुश स्वस्त पडतात, पण ते उलटे बसवले तर उरलासुरला कॅस्टरही जातो, त्यामुळे बसवल्यानंतर कॅस्टर मोजणे अपरिहार्य आहे. या उपायाला एक मर्यादाही आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत: कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल मागे फिरवला की डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या ॲक्सलला शक्ती पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन वाढतो. लिफ्ट जितकी मोठी तितका हा ताण जास्त, आणि चारही चाकांना जोर देऊन वेगात जाताना थरथर जाणवू लागते. ५० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, हे माझे मत बऱ्याच अंशी या एका कारणावर उभे आहे.

पॅनहार्ड रॉड तिरपा झाल्याने अखंड ॲक्सल बाजूला सरकतो आणि एकीकडचे टायर मडगार्डबाहेर जास्त दिसू लागतात. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड लावून ॲक्सल मध्यावर आणता येतो. मात्र रॉडचा ॲक्सलकडचा ब्रॅकेट उंच करण्याचा मोह आवरावा, कारण पॅनहार्ड रॉड आणि स्टेअरिंगची ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) हे दोघे शक्यतो समांतर असले पाहिजेत. एकाचा कोन बदलून दुसऱ्याचा तसाच ठेवला, तर सस्पेंशन दबताना दोघांची टोके वेगवेगळ्या कमानींतून फिरतात आणि प्रत्येक खड्ड्यात चाके स्वतःहून वळतात. हे भरकटणे कॅस्टर कितीही वाढवला तरी जात नाही.

स्वतंत्र चाकांच्या गाड्यांत लोअर आर्मच्या कॅम बोल्टनी कॅम्बर आणि कॅस्टर जुळवण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी. तिची मर्यादा संपल्यावरही कॅस्टर पुरेसा भरत नसेल तरच वेगळ्या घडणीचे अप्पर आर्म घ्यावेत.

दोन्ही तक्रारी एकाच गाडीत असतील, आणि असतात, तर कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. टायर, हवा आणि उंची आधी. नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटर चालून बसल्यावर कॅस्टर. मग पॅनहार्ड रॉडने ॲक्सलची जागा. आणि टो सर्वांत शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक बदलाने तो किंवा स्टेअरिंगचा मध्य थोडा तरी हलतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्टेअरिंगचा आरा सरळ करायचा तो ड्रॅग लिंकची लांबी बदलून. टाय रॉडने तो सरळ करू पाहणारा मिस्त्री जुळवलेला टो पुन्हा बिघडवून ठेवतो.