ग्रहणाचं गणित, ग्रहणाचे वेध: पाटणच्या शिलालेखापासून

7 सप्टेंबर 2025 ला खग्रास चंद्रग्रहण होतं. चाळीसगावच्या आमच्या घरी दुपारपासूनच वेध पाळणं सुरू झालं. लोणच्याच्या बरणीत आणि दुधाच्या पातेल्यात तुळशीची पानं पडली. वहिनीला दिवस गेलेले, त्यामुळे काकू दर तासाला स्वयंपाकघरात डोकावून बजावत होती, "आज गऱ्हन शे बाई, सुरी हातमा धरू नको." रात्री मी काकूचं पंचांग घेऊन गच्चीवर गेलो. पंचांगात स्पर्श, म्हणजे ग्रहण लागण्याची वेळ, 9:57. मोबाइलवर खगोलशास्त्रज्ञांनी दिलेली वेळही 9:57. आणि ढगांच्या फटीतून चंद्राच्या कडेला काळिमा लागलेला दिसला, तोही तेव्हाच.

विज्ञान आणि श्रद्धा यांचं भांडण म्हटलं की आपल्याला चर्चने कोंडलेला गॅलिलिओ आठवतो. आमच्याकडे गोष्ट निराळी. ग्रहण कधी लागणार, किती लागणार, याबद्दल काकूचं आणि वेधशाळेचं कधीच वाजलेलं नाही. वाजतं ते सुरीवरून. गणित मान्य आणि अर्थ मात्र आपला, ही वाटणी फार जुनी आहे, आणि तिचा एक पुरावा चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवर दगडात कोरलेला सापडला.

पाटणादेवीला नवरात्रात खानदेशातून लोक लोटतात. चंडिकेचं हेमाडपंती मंदिर, मागे गौताळ्याचं जंगल, डोंगरात पितळखोऱ्याची लेणी. इथल्या पाटण गावच्या पडक्या देवळातला शिलालेख 1865 च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेख 1207 चा. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने इथे एक मठ काढला. कशासाठी? तर आपले आजोबा भास्कराचार्य यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' आणि घराण्यातले इतर ग्रंथ नियमाने शिकवले जावेत म्हणून. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो वाचताना बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं: पेठेत उघडलेल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. खगोलशास्त्राची शाळा तेल्याच्या पळीवर चालत होती.

खरी गंमत दानाच्या मुहूर्तात आहे. श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्वांसमक्ष, हातावर पाणी सोडून. ग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची सावली, हे ज्या ग्रंथात सिद्ध केलंय तो शिकवण्यासाठीचं दान ग्रहणाच्या पुण्यकाळी दिलं गेलं. त्या लोकांना यात काही विसंगत वाटलं असेल असं लेखावरून तरी दिसत नाही.

भास्कराचार्यांना मात्र ती विसंगती दिसली होती. शके 1036 (म्हणजे 1114) मध्ये जन्मलेल्या या माणसाने छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ग्रहणाचा विचार आहे. चंद्राला ग्रहण पूर्वेच्या कडेने लागतं, सूर्याला पश्चिमेच्या. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची टोकं बोथट दिसतात, सूर्याची धारदार, कारण चंद्राला झाकणारी सावली त्याच्यापेक्षा खूप मोठी असते. चंद्रग्रहण सगळीकडे सारखं दिसतं, सूर्यग्रहण एका गावी दिसतं आणि दुसऱ्या गावी नाही. दोन्हींना एकच राहू गिळत असेल तर हे फरक कुठून आले? तर्क निर्दोष आहे. पण लगेच पुढे ते म्हणतात की राहू नाहीच असं म्हणणं वेद, पुराणं आणि संहिता यांच्या बाहेरचं आहे. मग तोड काढतात: शंभूच्या वराने तमोमय राहू चंद्रग्रहणाच्या वेळी पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्रबिंबात. असं मानलं की कुठल्याच शास्त्राशी विरोध उरत नाही.

मला ही ओळ वाचताना दर वेळी हसू येतं. राहूला घराबाहेर काढलं नाही, पण कामही काही ठेवलं नाही. तो सावलीत बसला काय, न बसला काय, गणितात काडीचा फरक पडत नाही.

ही तोड भास्कराचार्यांच्याही आधीची. आर्यभट आणि वराहमिहिर यांनी ग्रहण सावलीचंच असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने राहू नाकारल्याबद्दल त्यांना फटकारलं, आणि स्वतःचं गणित मात्र सावलीनेच केलं. चारशे वर्षांनी परदेशी विद्वान अल्-बीरूनीने हे वाचलं तेव्हा तो चक्रावला. आपल्या मतांपायी मरायची जी पाळी सॉक्रेटिसावर आली ती आपल्यावर येऊ नये म्हणून तर ब्रह्मगुप्त असं बोलला नसेल ना, अशी शंका त्याने लिहून ठेवली आहे. ती खरी असेल किंवा नसेल. मला वाटतं भीतीइतकाच व्यवहारही असावा. ज्योतिष्याचं पोट पंचांगावर, आणि पंचांग हवं कशाला, तर श्राद्ध, पर्वकाळ आणि मुहूर्तासाठी. श्रद्धेनेच गणिताला जगवलं होतं. तिच्याशी उघड वैर परवडणारं नव्हतं.

पुराव्याची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या अभिमानाचीही थोडी तपासणी करू. पाटण हीच भास्कराचार्यांची भूमी असं आम्ही चाळीसगावकर छातीठोकपणे सांगतो. त्यांनी स्वतः गावाचं नाव विज्जडविड दिलंय, सह्याद्रीजवळचं. ते नेमकं कोणतं यावर बीड, विजापूर, पाटण असे दावे आहेत. आमच्या बाजूला लेखातला एक शब्दप्रयोग आहे: भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल राजाने 'या नगरातून' नेलं. त्यावरून घराणं पाटणला होतं म्हणता येतं. वडिलांनी ग्रंथ इथे बसून लिहिला, हे त्यातून निघत नाही. आणि लीलावतीची ती गोष्ट, घटिकापात्रात मोती पडला, मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ती तर अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. गणिती बाप अखेर मुहूर्तापुढे हरला, ही कथा लोकांना लीलावतीतल्या गणितांपेक्षा जास्त पाठ आहे.

पुढची खडाजंगी एकोणिसाव्या शतकातली. पंचांगं तेव्हा 1520 च्या 'ग्रहलाघव' या करणग्रंथावरून, म्हणजे पंचांगाचं गणित सोपं करून देणाऱ्या पुस्तकावरून, होत. गणेश दैवज्ञाची रीत सोपी, पण साडेतीनशे वर्षांत चूक साचत गेली आणि तिथी घटकांनी सरकू लागल्या. ग्रहण ही एकच गोष्ट अशी, की जिची चूक अंगणात उभं राहिलेल्या कुणालाही दिसते. 1865 पासून केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक आकाशनिरीक्षणांवर आधारलेलं पंचांग काढलं. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी कोष्टकं केली, टिळकांनी शुद्ध पंचांगाचा पक्ष घेतला. या सगळ्या उलाढालीचा चिकित्सक इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित काही वर्षं धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत शिक्षक होते. विरोध झाला तो सण कोणत्या दिवशी करायचा यावरून. ग्रहणाच्या बाबतीत आकाशानेच निकाल दिला, म्हणून आज काकूच्या पंचांगातली वेळ मिनिटाला मिनिट जुळते.

वेध मात्र तसेच राहिले: चंद्रग्रहणाआधी तीन प्रहर, सूर्यग्रहणाआधी चार. गर्भाची भीती राहिली. आणि जातही होती. ग्रहण सुटलं की 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी हाळी देत दारोदार फिरायचं काम गावाने अस्पृश्य ठरवलेल्यांच्या वाट्याला दिलं होतं. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेकांनी अशी गावकीची कामं ठरवून सोडली. मोक्षाची, म्हणजे ग्रहण सुटण्याची, वेळ तीच राहिली, हाळी थांबली. ती थांबवायला दुर्बीण लागली नाही.

ग्रहणात तडजोड खपून गेली, कारण राहूने कुणाचं थेट वाकडं केलं नाही. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, तशी सोय नाही. तिथे पोर तापाने गेलं की बाईला डाकीण ठरवलं जातं, आणि तापाचं कारण डास मानायचं की डाकीण, याला दोन्ही बाजू राखणारं उत्तर नसतं. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं त्यात गुन्हा आहे. केळीच्या आणि कापसाच्या शेतात हा प्रश्न पुस्तकी नाही.

वहिनीला मुलगी झाली. त्या रात्री तिने काकू झोपल्यावर सुरीने पेरू कापून खाल्ला होता, हे फक्त मला माहीत आहे. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर पोरीला चष्मा लावून गच्चीवर न्यायचं ठरवलंय. काकूने वेध कधीपासून, ते आत्ताच विचारून ठेवलंय.