आव, आमशंके आणि नळाचं पाणी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणीकडे 'आव पडली', म्हणजे मुरड्याचे, शेंबाचे जुलाब लागले, म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. रक्त दिसलं तर 'रक्ती आव'. दवाखान्यातल्या कन्नड कागदावर तिचीच 'आमशंके' होते. दोन्ही शब्दांच्या बुडाशी 'आम', म्हणजे न पचलेलं. आतड्यातून रक्त का जातं, हे मात्र दोन्हींत नाही.

१८७५ मध्ये रशियात एका रुग्णाच्या विष्ठेत अमीबा दिसला. १८९७ मध्ये जपानमध्ये आवेचा जिवाणू सापडला. म्हणजे एकाच नावाखाली दोन आजार. जिवाणूची आव झपाट्यानं, बहुधा तापासकट येते, अमीबाची रेंगाळते. पाण्यातून पोटात गेलेला अमीबाचा कोष, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, फुटतो आणि अमीबा मोठ्या आतड्याचं अस्तर खातो. वर तोंड अरुंद, आत पसरट अशा त्या व्रणांतून रक्त येतं.

खरा घोळ पुढचा. दिसायला हुबेहूब असे दोन अमीबा आहेत, एक आतडं पोखरणारा आणि दुसरा निरुपद्रवी, असं १९२५ मध्येच मांडलं गेलं होतं. ते रीतसर मान्य व्हायला १९९३ उजाडलं! अमीबाच्या पोटात रक्तातल्या तांबड्या पेशी दिसल्या तर गोष्ट वेगळी, तो बहुधा पोखरणारा. एरवी सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक कळत नाही. तरी 'अमीबा आढळला' एवढ्या एका ओळीवर मेट्रोनिडॅझोल या अमीबावरच्या औषधाचा कोर्स लिहून देणं अंगवळणी पडलं. निरुपद्रवी जातीवर औषध नको, असं तज्ज्ञांनी १९९७ मध्ये सांगितलं. मेट्रोनिडॅझोल आलं ते साठच्या दशकात. त्याआधी एमेटिनची सुई होती, ती हृदयाला जड जायची. आणि घरोघरी कुड्याची साल होतीच.

पाण्याचं म्हणाल, तर नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीननं कोष मरत नाही, उकळल्यावर मरतो. बेळगावला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं. पण पाणी सोडण्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये पाइप रिकामा राहतो आणि सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. २००८ मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तसंच हुबळी-धारवाडलाही. हुबळी-धारवाडच्या चोवीस तास पाणी असलेल्या आणि नसलेल्या भागांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची तुलना २०१५ मध्ये छापून आली. एकूण जुलाबांत म्हणावा असा फरक नव्हता. चोवीस तास पाणी असलेल्या गरीब घरांत मात्र रक्ताचे जुलाब कमी आढळले. माझ्या मते याची चर्चा झाली त्याहून जास्त व्हायला हवी होती. अर्थात तिथंही जुलाबात रक्त दिसलं का, एवढंच घरच्यांना विचारलं होतं. अमीबा की जिवाणू, ते नाही.