एका धाग्यासाठी तीन पाय

सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमागवाल्या मामांच्या घरी मी चादरीचा फोटो काढत होतो. अख्ख्या चादरीचा फोटो नव्हे. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या मोराच्या डोळ्यात उभा आणि आडवा धागा एकमेकांना कसे ओलांडतात, तेवढंच मला हवं होतं. धागा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, वर बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारा भलामोठा मॅक्रो लेन्स आणि खाली नव्या पेठेतून नुकताच आणलेला ट्रायपॉड. पंधरा फोटो काढले आणि पंधराही पुसट आले. शेजारच्या खोलीत माग चालू होता, खटॅक खटॅक. मामा दारात उभे राहून बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "स्टँड नाही ओ सर, फरशी हालतेय की."

मामांचं बरोबर होतं. अर्थात स्टँडही धड नव्हता, ते पुढे येतंच.

मॅक्रोत हा त्रास एवढा का होतो, ते एका केसाच्या जाडीवरून समजतं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. दोन मीटरवर उभ्या माणसाचा फोटो ५० मिलिमीटरच्या लेन्सने काढताना कॅमेरा केसभर बाजूला सरकला, तर सेन्सरवरची प्रतिमा त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकीच सरकते. म्हणजे अर्धा पिक्सेलही नाही. पण एकास एक मॅक्रोत वस्तू जेवढी असते तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते, त्यामुळे केसभर हललेला कॅमेरा प्रतिमाही केसभर हलवतो. माझा सेन्सर २४ मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा. हिशोब केला तर प्रतिमा सतरा पिक्सेल फासली जाते. धागा गेला, मोर गेला, उरला रंगाचा फराटा.

त्यात प्रकाशाचीही टंचाई. एकास एकवर लेन्स सेन्सरपासून इतका लांब जातो की एफ ८ लावलं तरी प्रकाश एफ १६ इतकाच, म्हणजे चौथाई पोचतो (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). शटर चौपट वेळ उघडं ठेवावं लागतं. छिद्र मोठं करून सुटका नाही, कारण छिद्र मोठं तेवढी फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, कमी, आणि एफ ८ लाच ती अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. मामांच्या खोलीत मला अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर लागत होतं आणि माग मिनिटाला शंभरावर फटके मारत होता. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फोटोत एक फटका ठरलेला.

आता ट्रायपॉडकडे. पाय तीनच का, याचं उत्तर घरातल्या तिवईत आहे. तीन टेकूंमधून एकच प्रतल जातं, म्हणून जमीन कशीही असो, तिन्ही पाय टेकतातच. चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी लागते ती याचमुळे. पण डगमगणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. तिन्ही पाय नीट टेकलेला ट्रायपॉडही थरथरतो, कारण त्याच्या नळ्या वाकतात.

नळी किती वाकेल, हे तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतं, आणि दोन्हींचा परिणाम घनाच्या पटीत होतो. पातळ पत्र्याच्या दोन नळ्या घ्या, एक २२ मिलिमीटर व्यासाची, दुसरी २८ ची, पत्र्याची जाडी सारखीच. दुसरी नळी पहिलीच्या दुपटीहून थोडी जास्तच ताठ भरते. व्यासात फरक फक्त सहा मिलिमीटरचा! लांबीचं गणित याहून कडक आहे. पाय निम्माच उघडला तर त्याच जोराखाली तो आठव्या हिश्श्याइतकाच वाकतो. मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीचं ताट पाहिलंय ना? बुडाशी धरून हलवा, हलत नाही. कणसावर एवढीशी चिमणी बसली तरी शेंडा झुलतो.

माझा पहिला ट्रायपॉड असाच ज्वारीचं ताट होता. पाय पाच टप्प्यांचे, घडी केल्यावर पिशवीत मावायचा, म्हणून भुललो. पाच टप्पे म्हणजे सर्वांत खालची नळी करंगळीएवढी, आणि सगळा भार शेवटी तिच्यावरच. वर मधला दांडा ताणून मी त्याला छातीपर्यंत नेला होता. मधला दांडा वर काढणं म्हणजे तीन पायांच्या बैठकीवर एक पाय उभा करणं. मॅक्रोवाल्याने तो वर काढूच नये, असं माझं मत आहे. दांडा नसलेला किंवा आखूड दांड्याचा ट्रायपॉड मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. टप्पे तीन, फार तर चार.

खोक्यावर छापलेल्या 'आठ किलो', 'बारा किलो' या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. तेवढ्या वजनाखाली ट्रायपॉड मोडणार किंवा घसरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मोजायची रीतही कंपन्यांची आपापली. थरथर किती वेळात विझते, हे त्यातून कळत नाही. ते दुकानातच बघावं. पाय पूर्ण उघडा, वरची बैठक दोन्ही हातांनी धरून नळाच्या चावीसारखी पिळा. पीळ बसत असेल तर परत ठेवा. मग कॅमेरा चढवा, स्क्रीनवर दहापट मोठं करून बघा आणि पायाला टिचकी मारा. चित्र चटकन थांबतं की लटलटत राहतं? दुकानदार वैतागला तरी चालेल.

घरी याहून मजेची चाचणी करता येते. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला छोटा आरसा चिकटवा. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या लेझर पेनचा किरण आरशावरून पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडा. किरण कुणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं सांभाळा. आरसा जेवढ्या कोनात वळतो, त्याच्या दुप्पट किरण वळतो. सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवरच्या वस्तूवर केसभर घसरण्याइतका कॅमेरा वळला, की भिंतीवरचा ठिपका दोन मिलिमीटरहून जास्त सरकतो आणि साध्या डोळ्यांना दिसतो. मी हे केलं तेव्हा जिन्यावरून कोण उतरतंय हेही ठिपक्यावरून कळत होतं.

ॲल्युमिनियम की कार्बन? कार्बन हलका आणि थरथर थोडी लवकर विझवतो, पण महाग. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात ॲल्युमिनियमचा पाय उघड्या हाताने धरून बघा, कार्बनचा आणखी एक फायदा कळेल. खिसा परवानगी देत नसेल तर जाड नळीचं ॲल्युमिनियम घ्या. बारीक कार्बनपेक्षा ते केव्हाही बरं.

ट्रायपॉडच्या डोक्याबद्दल, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो त्या भागाबद्दल, मात्र काटकसर नको. गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडची किल्ली घट्ट केली की लेन्सच्या भाराने कॅमेरा किंचित खाली मान टाकतो. निसर्गचित्रात ते जाणवत नाही. मॅक्रोत मोराचा डोळा चौकटीबाहेर जातो. दातेरी चाकांचं गिअर हेड इथे सोन्यासारखं, सोबत पुढे-मागे सरकवायची फोकसिंग रेल. कॅमेऱ्याखालच्या प्लेटवर मऊ रबर असेल तर तेही दबतं. मी खरवडून काढलं.

माळरानावर प्रश्न बदलतात. हिपरगा तलावाच्या काठी हिवाळ्यात पहाटे चतुर गवतावर दव अंगावर घेऊन बसलेला असतो, अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. पण तो असतो गुडघ्याच्या खाली. तिथे प्रत्येक पाय वेगवेगळ्या कोनात पसरून जमिनीला लागेल असा ट्रायपॉड लागतो. पायांना मध्ये जोडणाऱ्या पट्ट्या असलेले ट्रायपॉड इथे बाद. ओल्या काळ्या मातीत पाय हळूहळू रुततात, म्हणून मी शहाबादी फरशीचे तीन तुकडे पिशवीत ठेवतो. ऊन चढून वारा सुटला की गवतच डोलतं. त्यावर कुठल्याही ट्रायपॉडकडे इलाज नाही. फ्लॅश वापरा, नाहीतर जेवणाचा डबा उघडा.

मामांच्या घरचं कोडं दोन रीतींनी सुटलं. कॅमेरा आणि वस्तू एकमेकांच्या संदर्भात हलल्या तरच फोटो पुसट होतो. दोन्ही एकत्र हलले तर बिघडत नाही. म्हणून एका जाड फळीवर चादर ताणली, त्याच फळीवर पाय आखूड करून ट्रायपॉड उभा केला आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर टाकलं. पुसटपणा बराच कमी झाला, पुरता गेला नाही. दुसरी रीत सोपी होती. चार वाजता चहासाठी माग थांबला आणि खोली एकदम गप्प झाली.

फोटो मोठा करून मामांना दाखवला. मोराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही गाठ बघा सर. धागा तुटला होता ओ इथं. आमच्या मंडळींनी बांधलीय."