भाड्याच्या घराची डागडुजी आणि इन्कम टॅक्स

भाड्याने दिलेल्या घरावर मालकाने केलेला डागडुजीचा, रंगरंगोटीचा खर्च भारतात बिलं दाखवून भाड्यातून वजा करता येत नाही, त्याऐवजी सरसकट 30 टक्के वजावट मिळते. 1961 च्या कायद्यात ही कलम 24 मध्ये होती, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यातही तशीच आहे.

समजा वन बीएचकेचं भाडं महिना 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000, त्यातून मालकाने स्वतः भरलेली घरपट्टी 10,000 गेली (भरली असेल तरच, नुसतं बिल आलं म्हणून नाही), उरलेल्या 2,30,000 चे 30 टक्के म्हणजे 69,000 आणि टॅक्स 1,61,000 वर. आता त्याच वर्षी खालच्यांच्या छताला ओल आली, बाथरूमच्या टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग केलं, पाइप बदलले, मिस्त्रीची मजुरी धरून दीड लाख गेले, तरी वजावट 69,000 च, आणि भिंतीत खिळासुद्धा ठोकला नाही तरी 69,000 च. जुन्या इमारतीतल्या मालकावर हा अन्यायच आहे असं मला मनापासून वाटतं, कारण नव्या फ्लॅटला पहिली काही वर्षं फारसा खर्चच नसतो.

डागडुजीसाठी कर्ज काढलं तर मात्र त्याचं व्याज या 30 टक्क्यांच्या वर वेगळं वजा होतं. त्यामुळे भाड्याच्या हिशोबात तोटा दिसला तर जुन्या रेजिममध्ये (म्हणजे जुना कायदा नव्हे, टॅक्स मोजायच्या दोन पर्यायी पद्धतींपैकी जुनी) वर्षाला 2 लाखांपर्यंतच पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या रेजिममध्ये तेवढाही नाही.

दुकानाचा गाळा भाड्याने घेऊन करारानुसार भाडेकरूच दुरुस्ती करत असेल तर तो त्याच्या धंद्याचा खर्च धरला जातो.

म्हणून बिलं फेकून द्यायची का, तर अजिबात नाही. खोली वाढवली, पोटमाळा बांधला असा घरात कायमची भर घालणारा खर्च घर विकताना सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, रंग आणि किरकोळ डागडुजी त्यात येत नाही, 1 एप्रिल 2001 च्या आधीचा खर्चही नाही. घर विकायची वेळ पंधरा-वीस वर्षांनी येते, तोवर कॉन्ट्रॅक्टरने कोऱ्या कागदावर लिहून दिलेला हिशोब पुसट झालेला असतो, त्यामुळे पक्कं बिल घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या.